अपूर्णांकाचा न्याय : पावकीपासून परीक्षेच्या यंत्रापर्यंत

मनुष्य मोजूं लागला तो पूर्ण संख्यांनीं. वांटूं लागला तेव्हां मात्र त्याला अपूर्णांकांची गरज भासली. गोठ्यांतील गाई मोजावयास एक, दोन, तीन पुरतात. परंतु एका शेताचे तीन भावांत वांटे घालावयाचे म्हटलें, कीं एकाचा तिसरा हिस्सा म्हणजे नेमका किती, हा प्रश्न उत्पन्न होतो. जेथें वांटणी आहे तेथें न्याय-अन्यायाचा विचार ओघानेंच येतो. यास्तव अपूर्णांकांचा इतिहास हा गणितशास्त्राचा जितका, तितकाच व्यवहारांतील सचोटीचाही इतिहास आहे.

हा इतिहास जुना झाला, असें मात्र कोणीं समजूं नये. पुण्याच्या वायव्येस वसलेल्या पिंपरी-चिंचवडपासून उत्तरेस नाशिकच्या रस्त्यानें चाकणपर्यंत जो उद्योगपट्टा आज पसरला आहे, तेथें तो नव्या रूपानें चालूच आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी औषध-कंपनी स्थापन झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. भुईकोट किल्ल्यासाठीं व कांद्याच्या बाजारासाठीं नांवाजलेल्या चाकणभोंवतीं पुढें मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. ह्या कारखान्यांतून राबणाऱ्या कुटुंबांतील मुलेंमुली आज ज्या परीक्षांस बसतात, त्यांपैकीं पुष्कळशा कागदावर न होतां संगणकाच्या पडद्यावर होतात. लाल पेन्सिल घेतलेला परीक्षक तेथें नसतो. एक प्रोग्रॅम गुण मोजतो, चुकांबद्दल वजावट करतो, टक्के काढतो आणि उमेदवारांचा क्रम लावतो. त्या प्रोग्रॅमला अपूर्णांक कसे हाताळावे हें नीट शिकविलेलें नसेल, तर उमेदवाराच्या पदरीं अन्याय पडतो, आणि तो अन्याय झाला हें कोणास कळतही नाहीं.

कारखान्यांतल्या कारागिराला ही गोष्ट निराळ्या रूपानें ठाऊक असते. शंभर मिलिमीटर लांबीच्या दांड्याचे तीन समान भाग करावयाचे असतां, प्रत्येक भाग ३३.३३ मिलिमीटर असें त्यानें टिपून ठेवलें, तर तिन्ही भागांची बेरीज ९९.९९ भरते. शंभर भरत नाहीं. राहिलेला शतांश मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाहीं, पण मायक्रोमीटरला दिसतो. असे दहा-वीस भाग एकापुढें एक जोडले, कीं प्रत्येकाची बारीकशी तूट एकत्र होऊन जोडकाम बसेनासें होतें. म्हणून जाणता कारागीर मूळ माप शेवटपर्यंत हातचें सोडीत नाहीं. गोळाबेरीज करावयाचीच झाली तर ती अगदीं शेवटीं करतो.

हा शहाणपणा महाराष्ट्राला नवा नाहीं. भास्कराचार्यांचा लीलावती हा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. खानदेशांत चाळीसगांवजवळ पाटण येथें १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांच्या नातवानें मठ स्थापिला व त्यास राजाश्रय मिळाला, अशी हकीकत त्यांत नमूद आहे. लीलावतींत भिन्नांचें, म्हणजे अपूर्णांकांचें, प्रकरण आहे आणि त्यांत समच्छेदाची रीत सांगितली आहे. निरनिराळ्या छेदांचे अपूर्णांक प्रथम एका छेदावर आणावे आणि मग त्यांची बेरीज-वजाबाकी करावी, असा तिचा आशय. समच्छेद म्हणजे सर्वांना एकाच मापानें मोजणें. एकदां छेद एक झाला, कीं पुढचा सर्व हिशेब अंशांचा, म्हणजे पूर्ण संख्यांचा होतो, आणि पूर्ण संख्यांच्या बेरजेंत कांहींही सांडत नाहीं. पुढें येणाऱ्या सर्व विवेचनाची किल्ली ह्या एका रीतींत आहे.

पंतोजींच्या शाळेनें हीच शिस्त मुलांच्या जिभेवर बसविली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे मुलें संध्याकाळीं ओळीनें बसून म्हणत. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा, हें आजच्या पुष्कळ पदवीधरांस सांगावें लागतें. लिहिण्याची पद्धतही सुटसुटीत होती. एका उभ्या रेघेनें पाव, दोहोंनीं अर्धा आणि तिहींनीं पाऊण दाखविला जाई. आंकड्यापुढें त्या रेघा ओढल्या कीं सव्वा, दीड, पावणेदोन सिद्ध होत. नाण्यांची रचनाही ह्याच घडीची होती. रुपयाची अर्धी ती अधेली, तिची अर्धी पावली, पावलीची अर्धी चवली आणि चवलीचा अर्धा आणा. सोळा आण्यांचा रुपया हा चार वेळां निम्मे केल्यानें साधलेला होता. आण्याचे पैसे चार. पै मात्र बारा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. बारांना तिहींनींही भाग जातो. त्यामुळें तिघांत रुपया वांटतांना प्रत्येकास ६४ पै नेमक्या मिळत. हिशेबनीस सर्व रकमा पैंत उतरवून बेरीज करी आणि शेवटीं रुपये-आणे-पै मांडी. समच्छेदाचीच ही दुकानांतली आवृत्ति होय.

१ एप्रिल १९५७ रोजीं भारतांत दशमान नाणीं सुरू झालीं आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आतां एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचें नाणें नसल्यामुळें कोठेंतरी तोडजोड करणें प्राप्तच होतें. सरकारी कोष्टकाप्रमाणें अर्ध्या पैशापर्यंतचा अंश सोडावा आणि अर्ध्याहून अधिक असेल तर पुढचा पूर्ण पैसा धरावा, असा नियम ठरला. त्याप्रमाणें एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे झाले. आतां मौज पाहा. एक-एक आण्याच्या चार जिनसा चार वेळां निरनिराळ्या घेतल्या तर गिऱ्हाईक चोवीस नवे पैसे देई. त्याच चार जिनसा एकदम घेतल्या तर पंचवीस. माल तोच, भाव तोच, गिऱ्हाईकही तेंच. तोडजोड चार वेळां झाली कीं एकदां, एवढ्यावरच पैशाचा फरक पडला. देशांतल्या सामान्य मनुष्याला अपूर्णांकाचा हा धडा बाजारांतच मिळाला.

त्यानंतर संगणक आला, आणि त्याच्या पोटांत पंतोजींची पद्धतच पुन्हां निघाली! संगणक दोनच अंक जाणतो, शून्य आणि एक. आपल्या दशांशपद्धतींत बिंदूनंतरचीं स्थानें दशांश, शतांश, सहस्रांश अशीं असतात. संगणकाच्या द्विमानपद्धतींत तीं अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश अशीं असतात. म्हणजे अधेली, पावली, चवली आणि आणा हे संगणकाला अगदीं नेमके लिहितां येतात. उलट, शाळेंत सर्वांत सोपा म्हणून शिकविलेला दशांश त्याला नेमका लिहितांच येत नाहीं. एक भागिलें तीन केलें असतां ज्याप्रमाणें ३३३ ची माळ संपत नाहीं, त्याचप्रमाणें एक-दशांशाची द्विमान माळ कधींच संपत नाहीं. कोठेंतरी ती तोडावी लागते. संगणकांतील अशा संख्यांविषयीं १९८५ सालीं एक आंतरराष्ट्रीय दर्जाचें मानक ठरलें, आणि आजचीं बहुतेक यंत्रें त्याच्या आधारें चालतात. त्या मानकाप्रमाणें चालणाऱ्या यंत्रास ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली, तर तें ०.३ न सांगतां सतराव्या दशांशस्थळीं चाराचा शेष राहिलेली संख्या सांगतें. ही यंत्राची चूक नव्हे. त्याला दिलेलें माप आणि त्याची मोजपट्टी यांचा मेळ नाहीं, एवढेंच.

इतका बारीक शेष कोणाचें काय बिघडवणार, अशी शंका येणें साहजिक आहे. एका प्रश्नमंजूषेचें उदाहरण घ्यावें. तिचे दोन विभाग आहेत. पहिल्यांत दहा प्रश्न आणि दुसऱ्यांत चाळीस. एका विद्यार्थ्यानें पहिल्या विभागांत नऊ व दुसऱ्यांत वीस उत्तरें बरोबर दिलीं. पहिल्या विभागाचे ९० टक्के, दुसऱ्याचे ५० टक्के, सरासरी ७० टक्के, असें कोणी मांडील तर तें साफ चुकीचें होय. दहा प्रश्नांचा टक्का आणि चाळीस प्रश्नांचा टक्का हे दोन निराळ्या छेदांचे अपूर्णांक आहेत. त्यांची नुसती सरासरी काढणें म्हणजे समच्छेद न करतांच बेरीज करणें आहे. पन्नासांपैकीं एकोणतीस, म्हणजे ५८ टक्के, हें खरें उत्तर. पण येथेंही दुसरा खड्डा आहेच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें आधीं २९ ला ५० नें भागून ०.५८ मिळविले आणि मग शंभरांनीं गुणले, तर वरील कारणानें यंत्राचें उत्तर ५७.९९९९ असें निघतें. त्यांतला अपूर्ण भाग छाटून टाकण्याची आज्ञा पुढें दिलेली असली, कीं विद्यार्थ्याच्या नांवापुढें ५७ टक्के लागतात. उत्तीर्णतेची रेषा ५८ वर असेल तर तो अनुत्तीर्ण ठरतो. त्यानें एकही प्रश्न अधिक चुकविलेला नसतो. चुकतो तो केवळ क्रियांचा क्रम. आधीं गुणून मग भागलें असतें, म्हणजे २९ गुणिलें १०० भागिलें ५० असें केलें असतें, तर ५८ नेमके आले असते.

चुकीच्या उत्तरांबद्दल गुण वजा करण्याची चाल आल्यापासून हा प्रश्न अधिकच नाजूक झाला आहे. समजा, एका परीक्षेंत दोन-दोन गुणांचे शंभर प्रश्न आहेत आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागें एका प्रश्नाच्या गुणांचा तिसरा हिस्सा वजा होतो. एका उमेदवाराचीं ६१ उत्तरें बरोबर व ३१ चूक. दुसऱ्याचीं ५४ बरोबर व १० चूक. बरोबर उत्तराला तीन आणि चुकीच्या उत्तराला उणें एक, अशा एककांत मोजलें तर पहिल्याचे १८३ वजा ३१, म्हणजे १५२. दुसऱ्याचे १६२ वजा १०, म्हणजे तितकेच १५२. दोघेही अगदीं बरोबरीचे. परंतु दोन गुणांचा तिसरा हिस्सा ०.६६ असा धरला, तर पहिल्याला १०१.५४ आणि दुसऱ्याला १०१.४० गुण मिळून पहिला पुढें जातो. तोच हिस्सा ०.६७ धरला, तर पहिल्याला १०१.२३ व दुसऱ्याला १०१.३० मिळून दुसरा पुढें जातो. खरा आंकडा दोघांचाही १०१ पूर्णांक एक-तृतीयांश. श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब अवश्य करून पाहावा. नोकरीची जागा एकच असेल, तर ती कोणास मिळावी हें दोन तरुणांच्या विद्येवर न ठरतां, दुसऱ्या दशांशस्थळीं सहा लिहावा कीं सात, ह्यावर ठरेल!

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचें उदाहरण ह्या बाबतींत लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आयोगाच्या वस्तुनिष्ठ परीक्षांत पूर्वीं तृतीयांशाच्या हिशेबानें वजावट होत असे. अलीकडे ती चतुर्थांशानें, म्हणजे शेंकडा पंचवीस ह्या दरानें होऊं लागली. पंतोजींच्या भाषेंत बोलावयाचें तर, आयोग पावकीवर आला. दोन गुणांचा पाव म्हणजे अर्धा. तो दशांशांतही नेमका आणि संगणकाच्या द्विमानांतही नेमका. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं वजावटीनंतर अंतिम गुणांची बेरीज अपूर्णांकांत आली तरी ती अपूर्णांकांतच राहील आणि पुढील कार्यवाही तिच्याच आधारें होईल, असें आयोग आपल्या जाहिरातींतून आधींच सांगून ठेवतो. अपूर्णांक अपूर्णांकच ठेवावा, आणि तसें परीक्षेपूर्वींच जाहीर करावें. उमेदवाराला ह्याहून अधिक काय हवें असतें?

कारण गोळाबेरजेच्या रीतीही एकीहून अधिक आहेत. साडेचौतिसांचे किती, असें शाळामास्तरास विचारलें तर तो पस्तीस म्हणेल. अर्धा असला कीं वरचा अंक घ्यावा, ही त्याची शिकवण. नव्या नाण्यांच्या १९५७ च्या कोष्टकानें मात्र बरोबर अर्धा सोडून दिला होता. त्या नियमानें साडेचौतिसांचे चौतीस होतील. तिसरी एक रीत अशी आहे, कीं बरोबर अर्धा राहिला तर जवळची सम संख्या घ्यावी. तिच्याप्रमाणें साडेचौतिसांचे चौतीस, पण साडेपस्तिसांचे छत्तीस होतात. पायथन ह्या आज बहुप्रचारांत असलेल्या संगणकभाषेंत गोळाबेरजेची साधी आज्ञा ह्या तिसऱ्या रीतीनेंच चालते. ही रीत वाईट नव्हे. मोठ्या बेरजांत ती वरचे व खालचे झोंक सारखे राखते. पण पस्तिसांवर उत्तीर्ण होणाऱ्या मुलाला ती नापास करील आणि मास्तरांची रीत पास करील. कोणती रीत लावावयाची हें नियम करणाऱ्यानें ठरवावयाचें असतें. तें यंत्राच्या मर्जीवर सोडून चालत नाहीं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढें २०११ सालीं ओडिशांतील न्यायिक सेवेच्या परीक्षेचें एक प्रकरण आलें होतें. तेथें शेंकडा ४५ गुणांची अट होती आणि उमेदवारास ४४.९३ मिळाले होते. नियमांत गोळाबेरजेची तरतूद नसतां ४४.९३ चे ४५ करतां येणार नाहींत, असा निर्णय न्यायालयानें दिला.

परदेशांत ह्याच दुर्लक्षाची किंमत मोठ्या प्रमाणावर मोजावी लागली आहे. कॅनडांतील व्हँकूव्हरच्या शेअरबाजारानें जानेवारी १९८२ मध्यें १००० ह्या आंकड्यापासून आपला निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्यानें काढला जाई आणि तिसऱ्या दशांशस्थळापुढचा भाग दर वेळीं छाटला जाई. दिवसांतून हजारों वेळां होणाऱ्या ह्या छाटणीनें नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक सुमारें ५२५ पर्यंत उतरला. दुरुस्ती केल्यावर तो सुमारें १०९९ निघाला. वाढत असलेला बाजार कागदोपत्रीं जवळजवळ निम्म्यावर आला होता. जर्मनींतील श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतांत एप्रिल १९९२ मध्यें निवडणूक झाली. शेंकडा पांच मतें मिळाल्याखेरीज पक्षाला जागा नाहीं, असा तेथें दंडक होता. ग्रीन पक्षाला ४.९७ टक्के मतें पडलीं होतीं, पण निकाल छापणारा प्रोग्रॅम एकच दशांशस्थळ दाखवीत असल्यामुळें कागदावर ५.० उमटलें आणि त्या पक्षाला प्रवेश मिळाला असें प्रथम जाहीर झालें. चूक ध्यानांत येतांच त्या जागा गेल्या आणि विधानमंडळांतील बहुमताचें गणितही बदललें. त्याच्या आदल्या वर्षीं, २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं, सौदी अरबस्तानांत धाहरान येथें पॅट्रियट ह्या क्षेपणास्त्ररोधक यंत्रणेला येणारें क्षेपणास्त्र अडवितां आलें नाहीं आणि अठ्ठावीस अमेरिकन सैनिक मृत्यु पावले. यंत्रणेचें घड्याळ सेकंदाच्या दशांशांनीं चालत होतें. तो तोडका दशांश शंभर तास सांचत सांचत सुमारें एक-तृतीयांश सेकंदाची तफावत पडली होती.

टक्केवारीच्या शेजारीं आतां पर्सेंटाइल हा नवा शब्द घरोघरीं ऐकूं येतो. त्याबद्दल येथेंच एक खुलासा करणें इष्ट आहे. शंभर गुणांपैकीं किती मिळाले हें टक्के सांगतात. आपल्या सत्रांत बसलेल्या शंभर उमेदवारांपैकीं किती जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, हें पर्सेंटाइल सांगतें. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेप्रमाणें अनेक सत्रांत होणाऱ्या परीक्षांत प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असल्यामुळें हें माप घेतात, आणि बरोबरीचे उमेदवार थोडे राहावे म्हणून तें सात दशांशस्थळांपर्यंत काढतात. सात स्थळें पाहून पालक घाबरतात. वास्तविक तीं तोडजोड टाळण्यासाठींच असतात. मात्र पर्सेंटाइल ९० आले म्हणून ९० टक्के गुण मिळाले, असें कोणीं समजूं नये. दोहोंचे छेदच निराळे आहेत.

तेव्हां परीक्षेचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणानें काय करावें? पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरींत आणि तळवड्यास असे तरुण हजारोंनीं आहेत. त्यांनीं गुण सर्वांत लहान एककांत मोजावे. वजावट पावाची असेल तर बरोबर उत्तराला चार व चुकीच्या उत्तराला उणें एक. तृतीयांशाची असेल तर तीन व उणें एक. सारा हिशेब पूर्ण संख्यांत राहूं द्यावा. उत्तीर्णता तपासावयाची तर भागाकारच करूं नये. मिळालेल्या गुणांना शंभरांनीं गुणावें, एकंदर गुणांना पस्तिसांनीं गुणावें, आणि पहिला गुणाकार दुसऱ्याहून लहान नाहीं एवढें पाहावें. दोन उमेदवारांचा क्रम लावतांना पडद्यावर दाखविलेले टक्के न घेतां मूळ एककें घ्यावीं. भागाकार आणि गोळाबेरीज हीं केवळ दाखविण्यापुरतीं, एकदांच आणि शेवटीं करावीं. आणि त्यांची रीत परीक्षेपूर्वींच छापून उमेदवारांच्या हातीं द्यावी.

ह्यांत कोणतीही नवी विद्या नाहीं. बाराव्या शतकांत भास्कराचार्यांनीं समच्छेद सांगितला, दुकानाच्या गादीवर बसून हिशेबनिसानें रुपयाच्या १९२ पै केल्या, आणि चाकणचा कारागीर मूळ माप शेवटपर्यंत हातचें सोडीत नाहीं. यंत्र एका क्षणांत कोट्यवधि बेरजा करूं शकतें. परंतु पाव गुण कोणाचा, आणि तो केव्हां सोडावा, हें ठरविण्याचें काम अजून मनुष्याकडेच आहे. निकालाच्या यादींत एका पायरीनें वर किंवा खालीं जाणाऱ्या मुलाचें पुढील आयुष्य त्या पावाशीं बांधलेलें असतें, ही जाणीव प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मनांत असली, तर त्याच्या हातून अपूर्णांक सहसा सांडणार नाहीं.